कप जिंकूनही चिडलेला माणूस

२१ मे १९८३, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क. स्कॉटिश कपचा अंतिम सामना गोलशून्य राहून जादा वेळेत गेला होता. तोही संपत आला असताना एकोणीस वर्षांच्या एरिक ब्लॅकनं गोल केला आणि अ‍ॅबर्डीननं रेंजर्सला १-० असं हरवलं. दहाच दिवसांपूर्वी याच पोरांनी स्वीडनमध्ये रेआल माद्रिदला पाणी पाजलं होतं. दहा दिवसांत दोन कप. अ‍ॅबर्डीनसारख्या गावाला आणखी काय हवं?

पण टीव्हीच्या माइकसमोर उभा राहिलेला त्यांचा मॅनेजर लालबुंद झाला होता. आम्ही निव्वळ नशिबानं जिंकलो, खेळ लाजिरवाणा होता, असं तो म्हणाला. विली मिलर आणि अ‍ॅलेक्स मॅक्लिश या दोघांनीच रेंजर्सशी सामना खेळला, बाकीच्यांनी नाही. कप मिळाला म्हणून काय झालं, या संघाची पातळी कधीच ठरलेली आहे आणि त्याखालचं काहीही चालवून घेतलं जाणार नाही. मागं खेळाडू कप उंचावत होते आणि पुढं त्यांचा मॅनेजर देशभरासमोर त्यांचीच खरडपट्टी काढत होता. रात्रीची मेजवानी सुतक असल्यासारखी झाली. गॉर्डन स्ट्रॅकन तिथून उठून गेला आणि त्यापायी त्याला दंडही झाला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं संघाची माफी मागितली. आपलं चुकलं हे त्यानं पुढंही कबूल केलं आहे.

हा मॅनेजर म्हणजे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. तेव्हा वय एक्केचाळीस. ‘सर’ व्हायला अजून सोळा वर्षं होती.

फर्ग्युसनचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर मँचेस्टर युनायटेड येतं. लाल जर्सी, तोंडात च्युइंगगम, मनगटावरच्या घड्याळाकडं बोट. पण जिंकणं एखाद्या संघाच्या अंगवळणी कसं पाडायचं, याचा त्याचा पहिला मोठा प्रयोग त्याआधी झाला होता. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला, ना पैसा ना दबदबा असलेल्या एका क्लबात. अवघी साडेआठ वर्षं आणि दहा मोठे कप. मँचेस्टरची गोष्ट समजून घ्यायची तर आधी अ‍ॅबर्डीनला जावं लागतं.

दुसऱ्या नंबरचं गाव

अ‍ॅबर्डीन हे ग्रॅनाइटचं शहर. घरं, चर्च, कॉलेज, सगळं त्याच करड्या दगडाचं. उन्हात तो चमकतो आणि पावसात आभाळाशी एकरूप होतो. ऊन तिथं कमीच. शहराच्या कडेला उत्तर समुद्र आणि समुद्राच्या कुशीत पिटोड्री हे मैदान. सामना चालू असताना वरून समुद्रपक्षी ओरडत जातात. सत्तरच्या दशकात समुद्रात तेल सापडलं आणि कोळी आणि शेतकऱ्यांच्या या गावात हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. लोक मात्र होते तसेच राहिले, मितभाषी आणि हात राखून खर्च करणारे. पिटोड्रीच्या प्रेक्षकांत गोळ्यांचे कागद सोडल्याचा आवाज ऐकू येतो, अशी बाकीचे स्कॉट थट्टा करायचे.

स्कॉटिश फुटबॉल म्हणजे ग्लासगो आणि ग्लासगो म्हणजे रेंजर्स आणि सेल्टिक. १९६५ मध्ये किल्मार्नॉकनं लीग जिंकली. त्यानंतरच्या चौदाही हंगामांत विजेतेपद या दोघांतच फिरलं. पेपरांच्या कचेऱ्या ग्लासगोत, रेडिओ ग्लासगोत, मोठे सामने ग्लासगोत. अ‍ॅबर्डीनची एकमेव लीग १९५५ सालची होती.

संघ मुळीच वाईट नव्हता. १९७७-७८ मध्ये बिली मॅक्नीलच्या हाताखाली तो लीगमध्ये दुसरा आला आणि स्कॉटिश कपची अंतिम फेरी हरला. दोन्हीकडं पुढं होते ते रेंजर्सच. मग मॅक्नील सेल्टिकला निघून गेला. मधल्या फळीत स्ट्रॅकन, बचावात कर्णधार मिलर आणि तरुण मॅक्लिश, गोलमध्ये अनुभवी बॉबी क्लार्क, असा नांदता संघ मागं उरला. अडचण वेगळीच होती. ग्लासगोत जाऊन बरोबरी साधली तरी परतीच्या बसमध्ये खुशी असायची. दुसरं येणं हे यशच आहे, असं गावानं मनाशी ठरवून टाकलं होतं. हरणाऱ्या संघाला बदलाची भूक तरी असते. सन्मानानं दुसऱ्या येणाऱ्याला कशाला असेल?

गोव्हनचा पोरगा

१९७८ च्या जूनमध्ये फर्ग्युसन आला तो जखम घेऊन. सेंट मिरन या छोट्या क्लबला त्यानं वरच्या गटात नेलं होतं आणि त्याच क्लबानं त्याला हाकललं होतं. त्याला नोकरीवरून काढणारा तो आयुष्यातला एकमेव क्लब. फर्ग्युसननं दाद मागितली, पण निकाल विरोधात गेला.

तो ग्लासगोच्या गोव्हन भागातला. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात. स्वतः तो अवजारं बनवण्याच्या कामावर उमेदवारी करत होता, तिथं युनियनचं काम केलं आणि उमेदवारांच्या संपात पुढं राहिला. लहानपणापासूनचा आवडता रेंजर्स त्याला खेळाडू म्हणून मिळाला, पण १९६९ च्या कप फायनलमध्ये सेल्टिककडून ०-४ अशी हार झाली आणि पहिल्या गोलचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. पुढं पब चालवला. बत्तिसाव्या वर्षी ईस्ट स्टर्लिंगशायरला मॅनेजर झाला तेव्हा त्याच्या हातात आठ खेळाडू होते आणि गोलकीपर एकही नव्हता.

ग्लासगोचा अ‍ॅबर्डीनमध्ये जो वचक होता तो या माणसावर असणं शक्यच नव्हतं. ग्लासगो त्याच्या घरचं होतं. घरच्या माणसाला दाराचा नुसता पत्ता नसतो, कडी कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक असतं.

इथं एक खुलासा. आपण ‘कोच’ म्हणतो तेव्हा सराव घेणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्या काळच्या ब्रिटनमधला ‘मॅनेजर’ त्याहून बराच जास्त होता. खेळाडू विकत घेणं, त्यांचे पगार, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची निवड, पत्रकारांना तोंड देणं, सगळं त्याच्याच अंगावर. आपल्या तालमीतला वस्ताद पैलवानाच्या खुराकापासून झोपेपर्यंत सगळं पाहतो, जवळपास तसंच.

पहिला हंगाम वाईट गेला. फर्ग्युसन उठता-बसता सेंट मिरनच्या खेळाडूंचे दाखले द्यायचा आणि अ‍ॅबर्डीनचे खेळाडू वैतागायचे. नव्या सुनेनं सारखं माहेरचं कौतुक सांगावं, तसला प्रकार. स्ट्रायकर जो हार्पर हे गावाचं दैवत, त्याच्याशीही पटेना. फेब्रुवारी १९७९ मध्ये वडील गेले. मार्चमध्ये लीग कपची फायनल रेंजर्सकडून १-२ अशी गेली. लीगमध्ये चौथा नंबर. म्हणजे मॅक्नीलपेक्षाही खाली.

या दिवसांत क्लबचे अध्यक्ष डिक डोनाल्ड त्याच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः कधीकाळी अ‍ॅबर्डीनकडून खेळलेले, शहरात चित्रपटगृहं चालवणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी नव्या मॅनेजरला वेळ दिला आणि त्याच्या कामात नाक खुपसलं नाही. मॅनेजरची भाषणं आणि आरडाओरड सगळ्यांच्या लक्षात राहते. बंद दारामागं अध्यक्ष शांत बसून राहिला, हे मात्र कुठल्या चित्रफितीत सापडत नाही. ते नसतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

काय चालणार नाही

फर्ग्युसननं पहिल्यांदा बदलली ती बरोबरीची किंमत. रेंजर्सच्या आयब्रॉक्सवरून किंवा सेल्टिक पार्कवरून एक गुण आणला म्हणजे मोठं काम झालं, असं वागणाऱ्याची ड्रेसिंग रूममध्ये धडगत नसायची. मुंबई क्रिकेटमध्ये ज्याला ‘खडूस’ म्हणतात ते त्याला हवं होतं. समोर कोण आहे हे न बघता एक इंचही न सोडणं. त्यासाठी त्यानं ग्लासगोच्या पेपरवाल्यांचा पुरेपूर वापर केला. ते आपल्याकडं फिरकत नाहीत, आपल्याबद्दल चांगलं लिहीत नाहीत, त्यांना आपण हरायला हवे आहोत, हे तो पोरांच्या कानांवर सतत घालत राहिला. तक्रारीत तथ्य किती आणि डावपेच किती, हा प्रश्न वेगळा. ‘आपण विरुद्ध ते’ ही रेघ एकदा आखली की आतली माणसं जवळ येतात, हे त्यानं युनियनमध्येच पाहिलं असणार.

दुसरी गोष्ट, शिस्त. इथं विनोदही पुष्कळ आहेत. जॉन ह्युइटनं एकदा रस्त्यावर आपल्या गाडीनं मॅनेजरच्या गाडीला मागं टाकलं, म्हणून त्याला दंड झाला. रुमानियात पितेश्तीच्या संघाविरुद्ध मध्यंतराला ०-२ असे मागं असताना फर्ग्युसननं चहाच्या मोठ्या भांड्यावर राग काढला आणि कप उडाले. त्यानंतर सामना २-२ असा सुटला आणि अ‍ॅबर्डीन पुढच्या फेरीत गेलं. या गोष्टी आज हसत सांगितल्या जातात. पण तेव्हा विशी न ओलांडलेल्या पोरांना हसू येत नसणार. भीती हा त्याच्या पद्धतीचा भाग होता. तो वगळून नुसतं प्रेरणेचं गोडधोड वाढलं तर गोष्ट खोटी होईल.

तरीही ती नुसती भीती नव्हती. तशी असती तर तोंडावर भांडणारी माणसं त्या संघात टिकली नसती. स्टीव्ह आर्चिबाल्ड हा स्ट्रायकर मॅनेजरच्या खोलीत इतक्या वेळा वाद घालायला यायचा की तिथल्या एका खुर्चीलाच त्याचं नाव पडलं. एकदा तीन गोल केल्यावर तो सामन्याचा चेंडू घरी घेऊन गेला, त्यावरून खडाजंगी झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं तोच चेंडू मॅनेजरच्या खोलीत लाथाडून परत केला. फर्ग्युसन त्याला संघात खेळवत राहिला. भांडायला येणाऱ्याला जिंकायचंय, हे त्याला दिसत होतं.

आणि तिसरी गोष्ट, पोरं. स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला, रेआल माद्रिदविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात उतरलेले अकराच्या अकरा स्कॉटिश होते आणि त्यातले बहुतेक क्लबात वाढलेले. नील सिम्पसन गावाशेजारचा, जॉन ह्युइट गावातलाच. विली मिलर आणि अ‍ॅलेक्स मॅक्लिश ग्लासगोकडचे, म्हणजे मोठ्या क्लबांच्या उंबऱ्यावरून उचलून आणलेले. नील कूपरचा जन्म तर आपल्या दार्जिलिंगचा. वडील चहाच्या मळ्यावर होते, पोरगा अ‍ॅबर्डीनमध्ये मोठा झाला आणि एकोणिसाव्या वर्षी युरोपचा अंतिम सामना खेळला. जी पोरं दुसऱ्या नंबरची सवय लागण्याआधीच हातात येतात, त्यांना ती सोडवावी लागत नाही. हिशेब इतका साधा होता.

सरावाला स्वतःचं धड मैदान नव्हतं. कधी लष्कराच्या बराकींचं मैदान, कधी सीटन पार्क, कधी समुद्रकिनारा. कपडे आणि बूट सांभाळायला, राखीव पोरांना शिकवायला टेडी स्कॉट होते. १९५४ मध्ये खेळाडू म्हणून ते क्लबात आले आणि तिथंच राहिले. १९९९ च्या जानेवारीत त्यांच्या गौरवाच्या सामन्यासाठी फर्ग्युसन अख्खा मँचेस्टर युनायटेड घेऊन पिटोड्रीवर आला. युनायटेडनं लीग, एफए कप आणि युरोपियन विजेतेपद अशी तिन्ही बक्षिसं पटकावली, त्याच हंगामात. कपडे सांभाळणाऱ्या माणसासाठी एवढं करणाऱ्याला क्लब कशावर उभा असतो, हे नक्की माहीत होतं.

सेंट मिरनचे उपकार

फळ दिसायला दोन वर्षं लागली. १९८० च्या वसंतात सेल्टिक लीगमध्ये बरंच पुढं होतं, पण हवामानामुळं पुढं ढकललेले अ‍ॅबर्डीनचे सामने बाकी होते. एप्रिलमध्ये अ‍ॅबर्डीन दोनदा सेल्टिक पार्कवर गेलं आणि दोन्ही वेळा जिंकलं, २-१ आणि ३-१. पूर्वी जिथून एक गुण आणला की समाधान व्हायचं, तिथून त्या एका महिन्यात चार आणले, कारण तेव्हा विजयाला दोन गुण होते.

३ मे रोजी एडिनबरात हायबर्नियनला ५-० असं झोपवलं. पण सेल्टिकचा निकाल हाती यायचा होता. सेल्टिक खेळत होतं सेंट मिरनच्या मैदानावर, आणि सामना ०-० सुटला. ज्या क्लबानं फर्ग्युसनला घालवलं, त्यानंच नकळत त्याच्या पदरात पहिली लीग टाकली. पंधरा वर्षांनी विजेतेपद ग्लासगोबाहेर गेलं.

पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये समोर लिव्हरपूल आलं. पिटोड्रीवर ०-१, अ‍ॅनफिल्डवर ०-४. घरच्या सामन्यात जॉन मॅकमास्टरचा गुडघा असा दुखावला की तो जवळपास वर्षभर बाहेर बसला. स्कॉटलंडचा विजेता इंग्लंडच्या विजेत्यापुढं शाळकरी दिसला. चेंडू आपल्याकडं ठेवायचा कसा, समोरच्याला पळवून दमवायचं कसं, हे लिव्हरपूलनं दाखवलं. फर्ग्युसननं हा पराभव झाकून ठेवला नाही, धडा म्हणून पोरांसमोर मांडला. वर्षभरात, १९८१ च्या शरद ऋतूत, यूएफा कपचा विजेता असलेला बॉबी रॉबसनचा इप्सविच पिटोड्रीवर ३-१ असा हरला. त्यात दोन गोल पीटर वीअरचे. त्याला सेंट मिरनकडूनच विकत घेतलं होतं.

गोटेनबर्ग

आपल्याकडं १९८३ म्हटलं की लॉर्ड्स आणि कपिलदेव. अ‍ॅबर्डीनकर मात्र त्या वर्षाचं नाव काढलं की गोटेनबर्गच्या पावसाबद्दल बोलतात.

युरोपातल्या कप विजेत्यांच्या स्पर्धेत, म्हणजे कप विनर्स कपमध्ये, उपांत्यपूर्व फेरीत समोर बायर्न म्युनिक होतं. म्युनिकमध्ये ०-०. पिटोड्रीवर तेरा-चौदा मिनिटं उरली असताना १-२ अशी पिछाडी. तेव्हा फ्री किक मिळाली. स्ट्रॅकन आणि मॅकमास्टर दोघंही चेंडूकडं धावले, एकमेकांच्या आड आले, थांबले आणि एकमेकांवर वैतागले. जर्मन बचाव क्षणभर सैलावला. तेवढ्यात स्ट्रॅकननं वळून चेंडू टाकला आणि मॅक्लिशनं डोक्यानं तो जाळ्यात घातला. हे नाटक आधीच घोटून बसवलेलं होतं. लगेच पुढच्या मिनिटाला राखीव खेळाडू ह्युइटनं तिसरा गोल केला. प्रेक्षकांत त्या रात्री गोळ्यांच्या कागदांचा आवाज नक्कीच कोणाला आला नसेल.

११ मे रोजी गोटेनबर्गमध्ये अंतिम सामना. दिवसभर पाऊस, मैदानावर पाणी साचलेलं. १७,८०४ प्रेक्षकांपैकी बहुतेक अ‍ॅबर्डीनकर, त्यातले काही तर जहाजानं उत्तर समुद्र ओलांडून आलेले. समोर रेआल माद्रिद आणि त्यांचा प्रशिक्षक आल्फ्रेडो दी स्तेफानो, म्हणजे फुटबॉलच्या देवघरातली मूर्ती. फर्ग्युसनबरोबर ज्येष्ठ स्कॉटिश मॅनेजर जॉक स्टीन होते. त्यांच्या सल्ल्यानं फर्ग्युसननं दी स्तेफानोला व्हिस्कीची बाटली भेट दिली. आम्ही छोटी माणसं, इथवर आलो यातच धन्य झालो, असं समोरच्याला वाटावं म्हणून. ज्या नम्रतेतून त्यानं आपल्या संघाला बाहेर काढलं होतं, तीच आता शत्रूच्या हातात बाटलीतून दिली.

सातव्या मिनिटाला ब्लॅकनं गोल केला. थोड्याच वेळात मॅक्लिशनं मागं दिलेला चेंडू पाण्यात अडकला, गोलकीपर लेटनला माद्रिदच्या खेळाडूला पाडावं लागलं आणि पेनल्टीवर हुआनितोनं बरोबरी साधली. त्यानंतर अ‍ॅबर्डीननं सामना हातातून जाऊ दिला नाही. कूपर माद्रिदच्या स्टीलिकेच्या मानगुटीवर बसला. ब्लॅकच्या जागी ह्युइट आला, पण सांगितल्याप्रमाणं धावत नाही म्हणून फर्ग्युसन बाकावरून त्याच्यावर ओरडत होता. त्याला परत बाहेर काढावं असं मनात येत होतं, हे त्यानंच पुढं सांगितलं. ११२ व्या मिनिटाला वीअरनं सुरू केलेल्या चालीवर मार्क मॅगीनं डावीकडून चेंडू टाकला आणि ह्युइटनं डोक्यानं तो जाळ्यात घातला. २-१.

त्या रात्री राखीव खेळाडूंच्या बाकावर स्टुअर्ट केनेडी होता. उजव्या बगलेचा हा बचावपटू उपांत्य फेरीत बेल्जियममध्ये गुडघा मोडून बसला होता. त्याला खेळता येणं शक्यच नव्हतं आणि त्याची कारकीर्दही त्या दुखापतीतच संपली. तरी फर्ग्युसननं पाच राखीव खेळाडूंत त्याचं नाव घातलं. अंतिम सामन्यात एक जागा रिकामी सोडण्याइतका तो जुगार होता. दंड करणारा आणि कप फोडणारा माणूस हाच होता. या दोन्ही गोष्टी संघानं एकाच माणसात पाहिल्या होत्या, म्हणूनच बहुधा पहिली सोसली.

दहा दिवसांनी हॅम्पडेनवरचा तो तमाशा. आता तो वेगळा दिसतो. गोटेनबर्गनंतर समाधान मानायला सगळ्यांना हक्क होता आणि फर्ग्युसन घाबरला तो नेमका त्या हक्काला. दुसऱ्या नंबरचं समाधान जाऊन आता पहिल्या नंबरचं समाधान आलं असतं. त्याची भाषा चुकली, वेळ चुकली, माफी योग्यच होती. पण निकाल आणि खेळ यांचा हिशेब वेगवेगळ्या वहीत मांडायचा, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पुढच्याच हंगामात संघानं लीग आणि कप दोन्ही घेतले. मग १९८४ च्या उन्हाळ्यात स्ट्रॅकन मँचेस्टर युनायटेडला गेला, मॅगी हॅम्बुर्गला, रूग्वी चेल्सीला. गोटेनबर्गच्या अकरांतले तिघं एका झटक्यात गेले. बाकी संघांचा अशानं कणा मोडतो. अ‍ॅबर्डीननं १९८४-८५ ची लीग पुन्हा जिंकली, तीही आधीच्या ५७ गुणांवरून ५९ वर जाऊन. संघात नवी माणसं होती, पण ड्रेसिंग रूममधले नियम त्यांच्या आधीपासून तिथं बसलेले होते.

वस्ताद गेल्यावर

६ नोव्हेंबर १९८६ रोजी फर्ग्युसन मँचेस्टरला गेला. युनायटेड तेव्हा बावीस संघांत एकविसावं होतं. पहिला सामना ऑक्सफर्डकडून ०-२ असा हरला. तिथंही रोग ओळखीचाच होता: मोठं नाव, १९६७ नंतर लीग नाही, आणि दारूच्या ग्लासाशी जरा जास्तच दोस्ती. पॉल मॅग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे प्रेक्षकांचे लाडके १९८९ मध्ये विकले गेले. पोरं शोधणाऱ्या माणसांचं जाळं नव्यानं विणलं गेलं आणि गिग्ज, बेकहॅम, स्कोल्सची पिढी त्यातून आली. लीग आली १९९३ मध्ये, साडेसहा वर्षांनी. डिक डोनाल्डसारखाच धीर तिथल्या संचालकांनी धरला नसता तर १९९० मध्येच खेळ खलास झाला असता. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तेरा लीग विजेतेपदं त्याच्या खात्यात होती. त्यानं पसंत केलेला वारस डेव्हिड मॉयस दहा महिन्यांत गेला आणि फर्ग्युसननंतरच्या बारा हंगामांत, म्हणजे २०२५ पर्यंत, युनायटेडला एकही लीग मिळाली नाही.

अ‍ॅबर्डीनचंही तेच झालं, आणि आधी झालं. त्याला बाहेरचंही कारण होतं. १९८६ मध्येच ग्रॅम सूनेस रेंजर्सला आला आणि टेरी बुचरसारखे इंग्लंडचे खेळाडू पैशाच्या जोरावर ग्लासगोत येऊ लागले. घरची पोरं वाढवून त्या थैलीशी झुंजणं दरवर्षी अवघड होत गेलं. पण ‘पैसा’ एवढंच उत्तर दिलं तर एक तारीख सुटते.

११ मे १९९१. गोटेनबर्गला बरोबर आठ वर्षं झाली होती. लीगचा शेवटचा दिवस, मैदान आयब्रॉक्स, समोर रेंजर्स. दोघांचे गुण सारखे, गोलांच्या हिशेबात अ‍ॅबर्डीन पुढं. बरोबरी झाली तरी लीग त्यांची. तेरा वर्षांपूर्वी फर्ग्युसननं ज्या बरोबरीवर फुली मारली होती, नेमकी तीच पुरेशी होती. मार्क हेटलीनं दोन गोल केले. रेंजर्स २-०.

त्या सामन्यात ते बरोबरीसाठी खेळले असं मी म्हणत नाही. मैदानावरच्या अकरा जणांच्या डोक्यात काय होतं हे बाहेरून कोणी सांगू नये. पण पुरेसं म्हणजे किती, हा प्रश्न त्या दिवशी हवेत होताच. फर्ग्युसनच्या काळात तो प्रश्न पडायच्या आत ड्रेसिंग रूममध्ये चहाचं भांडं उडालं असतं.

एका माणसाच्या रागावर उभी राहिलेली सवय तो गेल्यावर किती टिकते? दोन क्लब, दोन देश, उत्तर एकच आलं. मिलर ७९७ सामने अ‍ॅबर्डीनकडून खेळला आणि पुढं मॅनेजरही झाला, पण जमलं नाही. फर्ग्युसनच्या हाताखालचे स्ट्रॅकन, मॅक्लिश, मॅगी, ब्लॅक, कूपर हे सगळे पुढं मॅनेजर झाले. वस्तादाचे डाव चेल्यांनी नेले. राग मात्र ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

१९८५ नंतरच्या चाळीस हंगामांत, म्हणजे २०२५ पर्यंत, स्कॉटलंडची लीग रेंजर्स किंवा सेल्टिक सोडून कोणीही जिंकली नाही. ग्लासगोबाहेर गेलेलं शेवटचं विजेतेपद तोवर अ‍ॅबर्डीनच्याच नावावर होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत पिटोड्रीबाहेर फर्ग्युसनचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. ऐंशी वर्षांचा म्हातारा स्वतः हजर होता.

मग २४ मे २०२५ रोजी हॅम्पडेनवर पुन्हा स्कॉटिश कपची फायनल झाली. समोर सेल्टिक. अ‍ॅबर्डीन लीगमध्ये पाचवं आलेलं. बहुतेक वेळ चेंडू सेल्टिककडं, अ‍ॅबर्डीन आपल्या गोलपुढं गर्दी करून. बरोबरीचा गोलसुद्धा सेल्टिकच्या गोलकीपरच्याच अंगाला लागून आत गेला. १-१, आणि पेनल्टींवर ४-३. पस्तीस वर्षांनी हा कप गावात आला आणि ग्रॅनाइटच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटला.

खेळ कसा झाला, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही. विचारायचं काही कारणही नव्हतं. बेचाळीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, हाच कप हातात असताना, एक माणूस टीव्हीसमोर पाय आपटत होता. जिंकून चिडणं परवडावं इतके कप त्यानं त्या गावाला मिळवून दिले होते.